पाचव्या अंकातलं रडणं

लेओकादी ब्रोसार मयताला कधी रडायची नाही. सख्ख्या नणंदेला मातीत ठेवलं त्या दिवशीही ही बाई हातमोज्याचं बटण लावत उभी होती, असं शेजारणी अजून सांगायच्या. लेओकादीचं म्हणणं सरळ होतं. ज्याचं दुकान आहे त्यानं माल रस्त्यात वाटत सुटू नये. तिचं दुकान रडण्याचं होतं. ते रोज संध्याकाळी पॅरिसातल्या ताँप्लच्या बुलव्हारवर, त्या झाडांच्या हमरस्त्यावर, रुपेरी कोंबडा नावाच्या नाटकगृहात, तिसऱ्या माळ्याच्या पुढच्या रांगेत, बरोबर मधल्या खुर्चीत उघडायचं.

त्या बुलव्हारला पॅरिसची माणसं गुन्ह्यांचा बुलव्हार म्हणत, कारण तिथल्या रंगमंचांवर एका संध्याकाळी जेवढे खून पडत तेवढे खऱ्या पॅरिसात वर्षभरात पडत नसत. आता खून पडला की कुणीतरी दचकायला हवं, हरवलेली आई भेटली की कुणीतरी गहिवरायला हवं. प्रेक्षक बिचारा दिवसभर राबून आलेला, खिशात संत्रं, मांडीवर पोर. कुठे काय वाटून घ्यायचं हे त्याच्या ध्यानात यायला वेळ लागतो. म्हणून नाटकगृहवाले त्याच्या आजूबाजूला जाणती माणसं पेरून ठेवत. टाळ्या पिटणारे झुंबराखाली बसत, हसणारे दोन्ही कडांना, एकदोघे नुसते शेजाऱ्याच्या कानाशी "वा, काय बोलला" असं पुटपुटायला. आणि वर, तिसऱ्या माळ्यावर, रडणाऱ्या बायका. या सगळ्या पलटणीचा नायक बोनिफास त्रुशो. पोट असं की ते आधी दारातून आत यायचं आणि मागून तो. हातात चांदीच्या मुठीची काठी. काठी एकदा आपटली की टाळी, दोनदा आपटली की अश्रू.

लेओकादीला काठी लागत नसे. ती त्रुशोच्या आधीपासून त्या खुर्चीत होती आणि तिच्या आधी तिची मावशी होती. तिची रडण्याची रीत घराण्याची होती. आधी नाक. नाकपुडी जरा थरथरली की शेजारची बाई वळून बघते. मग रुमाल काढायचा, पण डोळ्याला लावायचा नाही, हातात चुरगळायचा. ओठ घट्ट मिटलेले. तोंड उघडून रडते ती कोळीण, असं मावशी सांगून गेली होती. आणि मग एकाच डोळ्यातून एकच थेंब, तोही मान अशी ठेवून की खालच्या माळ्यावरून दिसावा. तेवढ्यानं अख्खा तिसरा माळा ओला व्हायचा. कसायाच्या दुकानातले धटिंगण नाक शिंकरायचे.

सकाळी ती घरामागच्या अंगणात लोकांच्या गाद्या उसवून लोकर पिंजायची, हे खरं. पण ते पोटापुरतं. मान होता तो खुर्चीला. बुलव्हारवरचे घोडागाडीवाले तिला टोपी काढून नमस्कार करत, पाववालीण तिला आतली, नरम लादी देई, आणि नव्या नट्या पहिल्या प्रयोगाआधी जिने चढून वर येऊन तिला म्हणत, बाई, आमच्याकडे लक्ष असू द्या. ती मान हलवायची. शब्द द्यायची नाही.

त्या वर्षी मात्र तिची खुर्ची हलायला लागली होती. तिच्या हाताखालच्या रडणाऱ्यांत प्युल्शेरी गाँदवा नावाची एक नवी आली होती. वय कोवळं, गळा मोठा. तिला रडता येत नव्हतं म्हणून ती बेशुद्ध पडायची. चांगली धप्पकन पडायची, की खालची माणसं वर बघत. त्रुशोला ते आवडायला लागलं होतं. तो म्हणे, हल्लीच्या लोकांना एका थेंबात भागत नाही, काळ बदललाय. लेओकादीनं त्याला विचारलं होतं की काळ बदलला म्हणजे काय, लोकांचे डोळे बदलले का. त्यानं काठीची मूठ बाहीनं पुसली. आणि मधली खुर्ची वसंतापासून कुणाची, हे बघू, असं म्हणाला. बघू म्हणणाऱ्या माणसाचं आधीच बघून झालेलं असतं, हे लेओकादीला चांगलं ठाऊक होतं.

त्याच हिवाळ्यात चित्रकार आला. आनातोल विद्रेक त्याचं नाव, दाढी टोकदार, बूट चिखलाचे. त्याला देवीदेवतांचा कंटाळा आला होता, लढायांचा आला होता, मेलेल्या राजांचा तर फारच आला होता. आता त्याला जिवंत पॅरिस रंगवायचं होतं. म्हणजे बघणारी माणसं. रंगमंच नको, नट नकोत, फक्त गर्दी, आणि गर्दीच्या चेहऱ्यावर नाटक. त्रुशोनं त्याला समोरच्या बाजूचा सज्जा दिला आणि पलटणीला ताकीद दिली की चित्र सरकारी प्रदर्शनात जाणार आहे, कुणी ढिलाई करायची नाही. हा चित्रकार अस्सल जनता रंगवायला आलाय आणि त्याला भाड्याची दाखवायचीय, यात त्रुशोला काही वावगं दिसलं नाही. लेओकादीलाही नाही. तिचं मत असं की अस्सल जनतेला नीट रडता येत नाही.

ती टोपीला नवी जांभळी फीत लावून बसू लागली. मान सज्जाच्या बाजूला. थेंबही त्याच बाजूच्या डोळ्यातून. प्युल्शेरी एकेका प्रयोगात दोनदोनदा पडली. हसणारे पोट धरून हसले, तेही खुनाच्या वेळी, इतके सगळे चित्रात जायला अधीर.

नाटक होतं 'आंधळ्या आईची शपथ'. पाचव्या अंकात मुलाला फाशी द्यायला नेतात, आंधळी आई त्याच्या मानेवरून हात फिरवते आणि तिला लहानपणची भाजल्याची खूण लागते. तो हात फिरवायला ती बया इतका वेळ घ्यायची की तेवढ्यात एक गादी शिवून झाली असती. एके संध्याकाळी गॅसच्या दिव्यांनी तिसरा माळा भट्टीसारखा तापला होता. लेओकादीनं दिवसभर एका मठाच्या गाद्या पिंजल्या होत्या. नाटक तिला पाठ होतं, मेलेला मेंढा जसा खाटकाला पाठ असतो तसं. आईचा हात मानेकडे निघाला, निघाला, निघाला, आणि लेओकादीला जांभई आली. आयुष्यात तिनं कितीतरी जांभया मिटल्या तोंडात गिळल्या होत्या. ही गिळली गेली नाही. उतारावर सुटलेल्या हातगाडीसारखी आली, जबडा कानापर्यंत गेला, डोळे मिटले, डोळ्यांतून पाणी आलं, रुमाल धरलेला हात आपोआप वर आला पण तोंडापर्यंत पोचला नाही. क्षणभराचाच खेळ. मग तिनं स्वतःला सावरलं आणि नेहमीचा थेंब काढला, नेहमीपेक्षा चांगला. कुणी पाहिलं नाही, असं तिनं धरलं. घरी येऊन विसरूनही गेली.

वसंतात शाँझेलिझेवरच्या काचेच्या छपराच्या महालात प्रदर्शन उघडलं, आणि आठवड्याच्या आत पाववालीण तिला म्हणाली की बाई, तुम्ही भिंतीवर आहात. मग गाडीवाला म्हणाला. मग गल्लीतला न्हावी, ज्यानं स्वतः पाहिलं नव्हतं पण वर्तमानपत्रात वाचलं होतं. 'पाचवा अंक' नावाचं चित्र म्हणे सगळ्या प्रदर्शनाचं नाक झालंय. मधोमध जांभळ्या फितीची एक बाई आहे, आणि जाणकारांनी लिहिलंय की असं दुःख फ्रान्सनं आजवर रंगवलं नव्हतं. जनतेचं उघडं काळीज, असं छापलं होतं.

त्रुशो स्वतः जिने चढून तिच्या घरी आला. आजवर कधी आला नव्हता. त्यानं तिच्या सुनेच्या, आपोलीनच्या, हातची कॉफी घेतली, खुर्ची करकरेपर्यंत मागे रेलला आणि म्हणाला की ब्रोसारबाई, मधली खुर्ची तुमचीच. चित्र भिंतीवर आहे तोवर आणि पुढेही. प्युल्शेरीचं नाव काढू नका. लेओकादी म्हणाली, मी कुठे काढलं होतं. पण तो गेल्यावर तिनं आरशासमोर उभं राहून नाकपुडी एकदा थरथरवून पाहिली आणि मावशीच्या आठवणीनं तिला बरं वाटलं.

रविवारी प्रदर्शन फुकट असतं, म्हणून रविवारी सगळं पॅरिस जातं. बाकीच्या दिवशी जातात ते चित्रं बघायला. रविवारचे जातात ते बाकीचे आलेत का हे बघायला. लेओकादीनं काळा रेशमी झगा घातला, तीच जांभळी फीत लावली, आणि आपोलीनला सांगितलं की माझ्या एक पाऊल मागून चाल. दारात छत्र्या ठेवून घेतल्या, आत धूळ, घाम, वार्निशाचा वास. एका भिंतीसमोर लोकांचा असा ढीग होता की तिथे कुणी घोड्याखाली आलंय की काय वाटावं.

तिनं वाट बघितली नाही. कोपर पुढे केलं आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "सरका. चित्रात मी आहे."

लोकांनी वळून बघितलं. फीत ओळखली. "तीच, तीच," असं पुढेपर्यंत कुजबुजत गेलं आणि ढीग दुभंगला. एका म्हाताऱ्यानं टोपी काढली. लेओकादी राणीसारखी चालत पुढे गेली आणि दोरीपाशी थांबली.

चित्र दाराएवढं होतं. तिसरा माळा, सगळा, माणसं द्राक्षांसारखी लोंबकळलेली. रंगमंच चित्रात नव्हताच. तो तिथे असायला हवा होता जिथे आता ही गर्दी उभी होती. म्हणजे रंगवलेले लोक या लोकांकडे आ वासून बघत होते आणि हे लोक त्यांच्याकडे, आणि दोन्हीकडच्या कुणालाच काही कामधंदा दिसत नव्हता. आणि मधोमध ती. डोळे मिटलेले, डोळ्यांच्या कडांना पाणी, रुमालाचा हात अर्ध्यात अडकलेला, आणि तोंड असं उघडलेलं की पाववाल्यानं भट्टी समजून लादी आत सारावी.

आपोलीन मागून कानाशी आली. "आई," ती हळूच म्हणाली, "ही तर तुमची सकाळची, कॉफीच्या आधीची."

लेओकादीनं तिच्या दंडाला असा चिमटा काढला की सून पुन्हा एक पाऊल मागे गेली. पण सुनेचं बरोबर होतं. ती जांभई होती. निव्वळ, नागडी जांभई, उत्तम रंगवलेली.

तिनं हळूच आजूबाजूला पाहिलं. इतक्या लोकांत कुणाला तरी कळलं असणारच. तिच्या डावीकडे एक नोटरी होता, चांगला घड्याळाची साखळी मिरवणारा. तो चित्राकडे बघत होता. बघता बघता त्याचा जबडा सैल पडला, तोंड उघडलं, डोळ्यांत पाणी आलं. त्यानं डोळे टिपले आणि बायकोला म्हणाला की माझ्यासारख्या माणसालाही आवरेना. त्याच्या बायकोचं तोंड तोवर उघडलं होतं. मग तिच्या मागच्या दोघींचं. जांभई काही एकटी राहणारी वस्तू नव्हे, ती रांगेतून फिरते. अख्खी गर्दी लाटेसारखी आ वासत होती, डोळे पुसत होती, आणि एकमेकांना सांगत होती की हृदय पिळवटतं हो. एक सैनिक तर भिंतीला टेकला होता. दोन दिवसांची पहाऱ्याची झोप त्याच्या डोळ्यांवर होती, पण लोक त्याच्याकडे बोट दाखवत होते की बघा, लढाया पाहिलेला माणूस, त्याचंही काय झालं.

लेओकादीला आधी हसू येणार होतं. मग राग आला. ज्या बाईच्या एका थेंबानं कसाई विरघळत, त्या बाईचं रडणं म्हणून हे भिंतीवर टांगलं होतं. ओठ उघडे. घसा दिसतोय. मावशीनं पाहिलं असतं तर दुसऱ्यांदा मेली असती.

प्युल्शेरीही तिथे होतीच. ती रोज येत होती म्हणे. मोठ्या गळ्यानं ती म्हणाली, "ब्रोसारआजी, एवढी वर्षं आम्हाला ओठ मिटायला सांगितलंत, आणि स्वतः मात्र अगदी पडजिभेपर्यंत रडलात की."

काही लोक हसले. आणि तेवढ्यात एक चष्म्याचा गृहस्थ, हातात वही, गळ्यात रेशमी रुमाल, वर्तमानपत्रातला जाणकार असणार, तो पुढे झाला. त्यानं लेओकादीसमोर कंबरेतून वाकून विचारलं की मादाम, त्या क्षणी आपल्या मनात काय चाललं होतं.  मागचे टाचा उंचावून बघायला लागले.

लेओकादीला दोन वाटा दिसल्या. जांभई आली होती म्हणावं, तर रडायला ठेवलेली बाई पाचव्या अंकात जांभया देते हे सगळ्या पॅरिसला कळणार आणि खुर्ची उद्याच जाणार. रडत होते म्हणावं, तर मावशीचं घराणं या भट्टीसारख्या तोंडात कायमचं बुडणार. तिनं दोन्ही सोडल्या.

"उकडत होतं," ती म्हणाली.

गृहस्थानं डोळे मिटले, मान हलवली आणि ते लिहून घेतलं. दुसऱ्या दिवशी छापून आलं की जनता आपलं दुःख लपवण्यासाठी हवेला दोष देते, आणि हीच तिची थोरवी.

त्यानंतर रुपेरी कोंबड्यात जागा मिळेनाशी झाली. पडलेलं नाटक उठून बसलं. पण येणाऱ्यांना आंधळी आई बघायची नव्हती, तिसरा माळा बघायचा होता. दुर्बिणी वरच रोखलेल्या. खालच्या भारी जागा नाइलाजानं घेतलेल्या आणि समोरच्या सज्जांसाठी मारामारी. दोन संध्याकाळी लेओकादी आपल्या रीतीनं रडली. दोन्ही वेळा लोक घरी जाताना कुरकुरत गेले की आज तिनं केलं नाही.

तिसऱ्या दिवशी त्रुशोनं तिला नाटकगृहासमोरच्या मद्याच्या दुकानात बोलावलं आणि तिच्यासमोर लाल वाइनचा पेला सरकवला. म्हणाला, चित्रात केलंत तसं करा. लोक त्यासाठी येतात. लेओकादीनं पेला हातात घेतला नाही. तिनं इकडेतिकडे बघितलं, पुढे वाकली आणि आयुष्यात पहिल्यांदा कुणाला तरी लाजेची गोष्ट सांगितली.

"ते रडणं नव्हतं. जांभई होती."

त्रुशोनं मिशा पुसल्या. "ब्रोसारबाई, माझं आयुष्य प्रेक्षकांची तोंडं बघण्यात गेलंय. मला जांभई कळत नाही होय? पहिल्याच दिवशी कळली."

"मग?"

"मग काय. आजपर्यंत रडणं कसं असतं ते तुम्ही लोकांना दाखवत होता. आता भिंतीनं दाखवलंय. भिंत मोठी आहे."

तो वाईट बोलत नव्हता. समजावत होता. उद्या मोठे लोक येणार आहेत, चित्रकार स्वतः येणार आहे, त्याच्याबरोबर एक ड्यूक आणि बायकांचा जथा. तोंड उघडायचं. एवढंच. नाही उघडलं तर प्युल्शेरी शेजारच्याच खुर्चीत बसलेली असेल, तिचं तोंड तसंही मिटत नाही.

घरी आपोलीननं ऐकलं आणि कढईतलं कांद्याचं सूप ढवळत म्हणाली, त्यात काय एवढं. घरी तुम्ही रोज फुकट देता, तिथे मान घेऊन द्या. मुलगाही म्हणाला की आई, जबडा तुझा आहे, झिजणार आहे का. लेओकादी म्हणाली, तुम्हाला कशाला कळेल, तुमच्या घराण्यात कुणी काही केलंय का. मग तिच्या लक्षात आलं की घराणं तर तेच आहे, आणि ती जेवली नाही.

दुसऱ्या संध्याकाळी नाटकगृह एवढं भरलं की गॅसचे दिवे हवेअभावी तांबडे झाले. सज्जांत हिरे, पंखे, पांढरे हातमोजे. विद्रेकनं नवे बूट घातले होते. लेओकादी मधल्या खुर्चीत बसली. डावीकडे प्युल्शेरी, गळ्यात जांभळी फीत. तिनं ती आजच विकत आणली होती.

चार अंक कुणी ऐकले नाहीत. पाचव्यात मुलाला बाहेर आणलं तसं सगळं नाटकगृह खुर्च्यांसकट वळलं. रंगमंचावर आंधळी आई उभी होती आणि तिच्यासमोर माणसांच्या पाठीच पाठी. बिचारीनं हात उचलला. आंधळीचं काम असल्यामुळे तिला ते न दिसल्यासारखं करावं लागलं.

त्रुशोची काठी दोनदा आपटली.

लेओकादीनं ठरवलं होतं की देऊन टाकायची. खुर्ची राहील, पाव नरम राहील, टोप्या निघतील. तिनं श्वास घेतला, जबडा सैल केला. ओठ एक बोटभर उघडले. सज्जांतून "आलं, आलं" असा श्वास फुटला. आणि त्या उघडलेल्या ओठांवर सगळ्या दुर्बिणी जमल्या तसं तिला वाटलं की आपल्याला कुणी भर बाजारात चोळी सोडायला सांगितलंय. ओठ आपोआप मिटले. घट्ट. मग नाक. मग रुमाल, चुरगळलेला. मग मान, आणि एक थेंब. तिनं आजवर काढलेला सगळ्यात चांगला थेंब. गालाच्या मध्यावर थांबला, दिव्यात चमकला, आणि मग खाली गेला.

कुणीही रडलं नाही.

"ही नाही ती," खालून एक बाई म्हणाली. दुसरा म्हणाला, चित्रातली जास्त खरी आहे. ड्यूकनं दुर्बीण खाली केली. तेवढ्यात प्युल्शेरी उठून उभी राहिली, कठड्याला धरलं, डोळे मिटले आणि तोंड उघडलं. उघडत गेली, उघडत गेली. "ती बघा," असा गजर झाला. दुर्बिणी एक खुर्ची डावीकडे सरकल्या. पहिल्या सज्जात एका बाईनं आ वासला, मग ड्यूकनं, मग तळमजल्यानं, मग सगळ्यांनी. डोळ्यांना रुमाल लागले. आंधळ्या आईलाही जांभई आली, हे पुढच्या रांगेनं तिच्या कलेचं शिखर मानलं. त्रुशोला काठी आपटावी लागली नाही. टाळ्यांनी झुंबर हललं.

जिन्यावर तो लेओकादीच्या वाटेत उभा होता. नजर काठीच्या मुठीवर. उद्यापासून येऊ नका, असं त्यानं म्हटलं नाही. फक्त म्हणाला की मधली खुर्ची जरा अरुंद आहे, प्युल्शेरीला बसायला उद्या मोकळी हवी. लेओकादी म्हणाली, खुर्ची अरुंद नाही, तिथे बसणाऱ्याला अंग चोरावं लागतं. आणि खाली गेली.

मग प्युल्शेरीचे दिवस आले. तिची फीत बायकांत चालली, तिच्या तोंडाची छापील चित्रं दुकानांच्या काचेत लागली, आणि त्या काचांसमोर पुन्हा गर्दी. बाहेरगावचे लोक मोठ्या चर्चआधी तिला बघून घेत. पण जबडा हाडाचा असतो. उन्हाळ्याच्या तोंडाला एका संध्याकाळी तो उघडला आणि मिटलाच नाही. ती खुणा करत होती, कठड्यावर हात आपटत होती, आणि लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते की आजवर एवढं मनापासून तिनं कधीच केलं नव्हतं. पडदा पडून दिवे मंद केले तरी लोक हलेनात. शेवटी हाडवैद्यानं रिकाम्या तिसऱ्या माळ्यावर तिचं तोंड मिटवलं, आणि तोंड बांधून घरी पाठवलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्रुशो लेओकादीच्या अंगणात आला. ती खिळ्यांच्या फळीवर लोकर पिंजत बसली होती. तिनं त्याला बस म्हटलं नाही. बसायला होतंही काही नाही, सगळीकडे लोकर. तो उभ्याउभ्या बोलू लागला. प्युल्शेरी महिनाभर सूपच पिणार. आज कुणी नाही. बुलव्हारवर सरकार म्हणे रस्ता रुंद करणार, नाटकगृहं पाडणार, राहिलेत तेवढे दिवस तरी भरलेले जावेत. तो बोलत होता आणि हवेतली धूळ त्याच्या नाकात जात होती. तो शिंकला. पुन्हा शिंकला. डोळ्यांतून धारा लागल्या, नाक लाल झालं, काठी हातातून पडली.

अंगणाचं दार रस्त्याकडे उघडं होतं. जाणारा एक पाणक्या थांबला. मग दोन धोबिणी थांबल्या, टोपल्या खाली ठेवून. एक लठ्ठ, चांगल्या कपड्यांतला माणूस एका बाईसमोर ढसाढसा रडतोय, हे काही रोज बघायला मिळत नाही. कुणी म्हणालं बायको गेली असेल. कुणी म्हणालं, ही त्याची जुनी असणार आणि आता नाही म्हणतेय. मागे आणखी जमले. एका धोबिणीनं एप्रनचं टोक डोळ्याला लावलं, तिला बघून पाणक्यानं नाक पुसलं.

त्रुशोनं भिजलेल्या डोळ्यांनी दाराकडे पाहिलं आणि त्याचा धंदा जागा झाला. तो पुटपुटला, "बघा ब्रोसारबाई, नाटकगृह भरलंय. संध्याकाळी या. फक्त तोंड जरा उघडा. अर्धं उघडा."

लेओकादीनं लोकरीचा गोळा उलटा केला. "मिटून येईन," ती म्हणाली. "मिटलेलं हवं असेल तर आज येते."

"मिटलेलं तोंड बघायला कोण येणार?"

"मग मीही नाही येत."

 तो वाकला, काठी उचलली, शिंकला, आणि गर्दीतून वाट काढत गेला. लोकांनी त्याला आदरानं वाट दिली, दुःखी माणसाला देतात तशी. पण गेलं कुणी नाही. सगळे आता लेओकादीकडे बघत होते, तिच्या नाकाकडे, तिच्या ओठांकडे, की आता ही काय करते.

तिनं काही केलं नाही. लोकर पिंजत राहिली. शेवटी मान वर न करता म्हणाली की बघून झालं असेल तर जाताना दार लावून घ्या, वाऱ्यानं लोकर उडते.

कुणी दार लावलं नाही. मागून आलेले पुढच्यांना विचारत होते की काय चाललंय, आणि पुढचे त्यांना गप्प करत होते, की थांबा जरा, आत्ता सुरू होईल.